बुधवारी गप्प बसणारा कोल्हा

इद्वाल बेब दिवसा काउन्सिलचे रस्ते सांभाळायचा आणि अंधार पडला की कोल्ह्यांच्या मागे जायचा. रस्त्याच्या कामात त्याला कोणी विचारत नसे. गटार तुंबले तर लोक त्याच्या नावाने खडे फोडत, उपसले तर कोणाच्या लक्षातही येत नसे. कोल्ह्यांचे मात्र तसे नव्हते. खोऱ्यातल्या अकरा शेतांची मेंढरे एकाच सामाईक डोंगरमाथ्यावर चरत. मेंढ्या वितात त्या दिवसांत तो माथा कोल्ह्यांपासून राखायचे काम एका माणसाला दिले जाई, आणि एकोणीस वर्षे तो माणूस इद्वाल होता. बदल्यात मिळायचे ते एक कोकरू आणि ख्रिसमसला एक हंस. त्यासाठी कोणी एवढी थंडी खात नाही. पण माथा आपल्याकडे आहे एवढ्यावर इद्वाल वर्षभर खूश असायचा.

मी शाळेची बस चालवायचो आणि रात्री त्याचा दिवा धरायचो. हे काम एकट्याने नीट होत नाही. एकाने गाडीच्या बॅटरीवरचा दिवा फिरवायचा, दुसऱ्याने बंदूक सांभाळायची. झोतात मेंढ्यांचे डोळे हिरवट दिसतात आणि एका जागी असतात. कोल्ह्याचे पिवळसर, जमिनीलगत, सरकत जाणारे. तरी इद्वालचा नियम असा की नुसत्या डोळ्यांवर चाप ओढायचा नाही. कान, पाठ, शेपटी, सगळे दिसले पाहिजे. या नियमापायी त्याच्या हातून किती कोल्हे निसटले याची गणती नाही. पण त्याच नियमामुळे ही गोष्ट मला हसत सांगता येते आहे.

त्याची आई म्हणायची, आमच्या इद्वालला भिंतीवर कॅलेंडर लागत नाही, तो कोल्ह्याला विचारून महिना सांगतो. ते खरेच होते. हाताच्या मागच्या बाजूला ओठ लावून हवा आत ओढली की जखमी सशासारखा चिरका आवाज निघतो. सप्टेंबरात त्या आवाजावर त्या सालचे पोरवयाचे कोल्हे शाळा सुटल्यासारखे धावत येतात. नोव्हेंबरपर्यंत त्यांतले जे उरतात ते शहाणे झालेले असतात, दिवा लागला की तोंड फिरवून चालू लागतात. ख्रिसमस उलटला की त्यांची भूकच मागे पडते. माद्या किंचाळू लागतात. नवख्या माणसाला वाटावे की कोणी तरी कोणाचा गळा दाबते आहे. आणि नर खाणेपिणे सोडून मैलोन्‌मैल भटकतात. तेव्हा सशाच्या आवाजाला काडीची किंमत नाही, नराला बोलवायचे तर मादीच व्हावे लागते. फेब्रुवारीत जोड्या फिरताना दिसतात आणि माद्या जुन्या बिळांतली माती उकरून बाहेर टाकतात. मार्चमध्ये मादी दिसेनाशी होते. नर तेवढा तोंडात काहीबाही धरून ये-जा करतो. एप्रिलात, नेमक्या आमच्या मेंढ्या वितात तेव्हा, घरी चार-पाच भुकेली तोंडे टाकून ती माउली भर दुपारीही बाहेर पडते. जूनमध्ये गवत इतके उंच की डोळेच दिसत नाहीत. आणि जुलैत ज्या दिवशी गवत कापावे त्याच रात्री कापल्या शेतात उंदीर वेचायला सगळी मंडळी हजर.

हे त्याने कुठे वाचलेले नव्हते. दरवर्षी ओल्या बुटांनी तेच तेच पाहून त्याला ते पाठ झाले होते. मला सगळे नीट मांडता येत नाही, तो मात्र पबमध्ये सांगू लागला की माणसे ग्लास हातात घेऊन तशीच बसून राहत.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. लग्न झालेले नव्हते. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. आणि त्याच वर्षी गॅरेजमधल्या एलफेड गिटिन्सने नवा दिवा आणला. एवढा प्रखर की त्याने माथ्यावरून आमच्या चॅपेलच्या घड्याळात किती वाजले ते पाहिले असे तो सांगायचा. एलफेड सत्तावीस वर्षांचा. त्याने सशाचा आवाज कॅसेटवर भरून घेतला होता. गाडीत बसून चिप्स खात तो कॅसेट लावायचा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने इद्वालच्या दुप्पट कोल्हे मारले. तो लोकांना सांगत सुटला की हात चोखत थंडीत उभे राहायचे दिवस गेले, आता माथा तरुण माणसाकडे द्यायला हवा.

माथा कोणाला द्यायचा हे फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ठरते. त्या रात्री गावच्या हॉलमध्ये अकरा शेतांचे जेवण असते, उकडलेले मटण आणि कांद्याच्या पातीसारखी ती लीकची भाजी, आणि जेवणानंतर हात वर करून निवड. एकोणीस वर्षांत हात वर करायची वेळ आली नव्हती. अध्यक्ष ट्रेवर जार्मन नुसते म्हणायचे, "इद्वालच ना?" आणि लोक पुडिंग मागायचे.

यंदा तसे होणार नाही हे इद्वालला ठाऊक होते. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, एलफेडची कॅसेट माथ्यावर रात्रभर ओरडून एकही कोल्हा फिरकला नाही तेव्हा, इद्वाल खुशीत आला. आता त्याचा महिना होता. मादीची किंकाळी काढावी तर त्यानेच. दोन्ही हातांची ओंजळ तोंडावर धरून, मान वर करून तो असा काही ओरडायचा की शेजारी उभे राहून माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मी तर ती पंधरा वर्षे ऐकत होतो.

तिसऱ्या रात्री उत्तर आले. माथ्याच्या पलीकडून नर भुंकला. तीनदा, मग थोडे थांबून चौथ्यांदा, जरा खालच्या पट्टीत.

इद्वालने माझी बाही धरली. "चार," तो कुजबुजला. "गेथिन, चारदा भुंकला. मी आजवर तीनच ऐकलेत."

त्या रात्रीपासून त्याला दुसरे काही सुचेना. रोज संध्याकाळी अंधार पडला की आम्ही वर जायचो. हा ओरडायचा, तो भुंकायचा. हा पन्नास पावले पुढे सरकायचा, तोही जरा जवळ यायचा, पण दिव्याच्या टप्प्यात कधीच नाही. इद्वाल म्हणायचा, असा हुशार नर त्याच्या बापानेही पाहिला नसेल. दिवा लागण्याआधीच त्याला कळते, वारा कुठून आहे हे त्याला आपल्याआधी समजते. पबमध्ये तो त्या नराविषयी असा बोलायचा जसे लोक घरच्या हुशार मुलाविषयी बोलतात. आणि एका शनिवारी, एलफेडने सगळ्यांसमोर विचारले की इद्वालकाका, या तुमच्या कोल्ह्याला शेपूट आहे का नुसता आवाजच, तेव्हा इद्वालचा ताबा सुटला. शेवटच्या शुक्रवारच्या आत त्याची शेपूट जेवणाच्या टेबलावर ठेवीन, नाही ठेवली तर माथा तुझा, असे तो बोलून बसला. लोकांनी टेबले बडवली.

आता मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे, ज्या माणसाने मला शिकवले होते की जानेवारीतला नर एका जागी चार रात्रींपेक्षा जास्त थांबत नाही, तोच माणूस एका नराशी तीन आठवडे बोलत होता. हा विषय मी एकदा हळूच काढून पाहिला. इद्वाल म्हणाला, "हा थांबतो." पुढे विचारायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे तो नर बुधवारी भुंकत नसे. रविवारी आम्ही जातच नव्हतो, रविवारी आमच्या खोऱ्यात बंदूक कोणी बाहेर काढत नाही. पण सोमवारी भुंकायचा, मंगळवारी भुंकायचा, आणि बुधवारी इद्वाल घसा बसेपर्यंत ओरडला तरी पलीकडे शांतता. इद्वालने यावर डोके लढवले. बुधवार म्हणजे जनावरांचा बाजार. बाजारातून परतणाऱ्या गाड्या पलीकडच्या रस्त्याने उशिरा जातात, त्यातून काही ना काही सांडते, तर हा गडी बुधवारी तिकडे खाली जेवायला जात असणार. असा कोल्हा की ज्याला वार कळतो. हे पबमध्ये सांगितल्यावर त्या नराची कीर्ती शेजारच्या खोऱ्यापर्यंत गेली.

फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आसपास कडक थंडी पडली. चंद्र नव्हता. संध्याकाळचे सात वाजले असतील. त्या दिवशी आम्ही गाडी खालीच ठेवली, बॅटरी मी पाठीवर घेतली आणि माथ्यावरच्या दगडी भिंतीच्या कडेने वाकून चालत गेलो. ही भिंत म्हणजे आमची हद्द. पलीकडचा उतार नेस्टा ब्रीझच्या शेताकडे जातो. तिचा मामा वारला तेव्हा ती टपाल कचेरीतली नोकरी सोडून आली आणि एकटीने शेत चालवू लागली, याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. अकरा शेतांतले ते सगळ्यात छोटे. बाई चाळिशीची, कमी बोलणारी. कोणी चहाला बोलावले तर आभार मानायची आणि जायची नाही.

इद्वाल भिंतीला टेकला, ओंजळ धरली आणि ओरडला.

उत्तर भिंतीच्या लगेच पलीकडून आले. तीस पावलांवरून. तीन, आणि मग चौथे.

त्याने बंदूक उचलली, नळी खालीच ठेवली, आणि माझ्या बाहीला चिमटा काढला. मी दिवा लावला. आणि त्याच क्षणी पलीकडूनही एक दिवा लागला, थेट आमच्या डोळ्यांत. काहीच दिसेना.

"दिवा खाली घ्या," पलीकडून बाईचा आवाज आला. "मादी पळवलीत माझी."

इद्वाल डोळे चोळत म्हणाला, "कुठली मादी?"

"पाच आठवडे जिच्यामागे आहे ती. आत्ता इथंच ओरडत होती, भिंतीपाशी."

मी दिवा जमिनीकडे वळवला. नेस्टा ब्रीझ मामाच्या जुन्या कोटात उभी होती. दिवा तिने बंदुकीला तारेने बांधला होता आणि बंदूक मधोमध उघडून काखेत धरली होती. डोक्यावर विणलेली निळी टोपी. तिने आमच्याकडे पाहिले, आमच्या मागे पाहिले. मादी कुठेच नव्हती.

इद्वालने फार सावकाश विचारले, "आणि नर? इथं एक नर होता. तो पाहिलात का, मिस ब्रीझ?"

"नर कुठला? नराचा आवाज मीच काढत होते."

वारा तेवढा भिंतीच्या दगडांतून शीळ घालत होता. मला हसू येत होते पण ती हसायची वेळ आहे की नाही ते कळेना. मला काळजी होती ती इद्वालची. त्याचे पाच आठवडे गेले होते, आणि त्याहून मोठे म्हणजे सगळ्यांसमोर दिलेला शब्द. तो भिंतीकडे बघत होता. अखेर तो बोलला, आणि काय बोलला, तर म्हणाला, "चौथं भुंकणं कशासाठी?"

"मामा तसं करायचा," ती म्हणाली. "त्याला दमा होता. तीन भुंकून झाले की तो दम खायचा आणि मग एक राहिलेलं काढायचा. मला वाटलं, तसंच असतं."

इद्वाल भिंतीवर बसला आणि हसू लागला. तो हसला म्हणून ती हसली. आणि ती एकदा हसू लागली ती थांबेचना, कोटाच्या बाहीने डोळे पुसू लागली. तीन वर्षांत तिला हसताना कोणी पाहिलेले नव्हते. तिच्याजवळ थर्मासमध्ये चहा होता, एकच झाकण, ते आम्ही तिघांत फिरवले. ती सांगू लागली की ही मादी किती हुशार वाटत होती, दिवा लागण्याआधीच तिला कसे कळायचे. म्हणाली, मामा असता तर म्हणाला असता, अशी मादी शंभर वर्षांत एक. इद्वालचे कान लाल झालेले मला दिव्याच्या उजेडात दिसले.

"आणि बुधवारी?" त्याने विचारले.

"बुधवारी चॅपेलमध्ये गाण्याची तालीम असते ना."

इद्वालने माझ्याकडे पाहिले. मी बॅटरीचे स्क्रू घट्ट करू लागलो.

उतरताना मात्र हसणे ओसरले. शब्द दिला होता, दिवस उरले होते सोळा, आणि शेपूट आणायची कोठून? या वर्षी माथ्यावर दुसरा नर ऐकूच आला नव्हता. पुढच्या दहा रात्री आम्ही हिंडलो. इद्वालने सगळे केले, ओरडला, हात चोखून सशाचा आवाज काढला, वाऱ्याकडे तोंड करून तीन तीन तास बसला. माथा मोकळा. इतका मोकळा माथा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याला वाटले आपलेच कसब गेले. परतताना एकदा म्हणाला, "एलफेडला देऊ दे त्यांना. मला आता कोल्हा आणि बाई यातलाही फरक कळत नाही." मी हीटर वाढवला.

जेवणाच्या आदल्या दिवशी, मुलांना सोडून परत येताना, नेस्टा ब्रीझने बस थांबवली. हातात जुन्या वर्तमानपत्राचे पुडके. म्हणाली, हे इद्वाल बेबना द्या. खालच्या रानात, नदीकाठी, काल पहाटे तिने एक नर मारला होता. चांगला थोराड. शेपूट त्याची. "माथ्यावरचा काय नि रानातला काय," ती म्हणाली. "शेपटीवर पत्ता लिहिलेला नसतो. टेबलावर ठेवा म्हणावं, मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलणार नाही ना?"

मी म्हटले, मी तर कधीच बोलत नाही.

पुडके उघडून इद्वाल बराच वेळ बघत बसला. शेपूट सुंदर होती, टोकाला चार बोटे पांढरी. तो त्यावरून हात फिरवत राहिला, पण ठेवीन म्हणाला नाही आणि नाही ठेवणार असेही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी लग्नामयताचा कोट घालून तो हॉलमध्ये आला तेव्हा त्याचा उजवा खिसा फुगलेला होता.

हॉल भरलेला होता. नेस्टा ब्रीझ दाराजवळच्या टेबलाशी, तीच निळी टोपी घालून. ती जेवणाला आली याचेच लोकांना नवल. मटण झाले, पुडिंग झाले. इद्वालने जवळपास काही खाल्ले नाही, आणि हे मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. मग जार्मन उभे राहिले. ते ऐंशीचे, हातात काठी, बोलणे सावकाश. म्हणाले, या वर्षी दोन नावे आहेत, आणि एक शब्द दिलेला आहे. एलफेड मागच्या बाकावर पाय पसरून बसला होता. त्याने विचारले, "काय इद्वालकाका, बुधवारचा उपास सुटला का त्याचा?" सगळे हसले.

इद्वाल उठला, टेबलापर्यंत गेला आणि खिशातून शेपूट काढून ठेवली. हॉलमध्ये एकदम गलका झाला. मागची माणसे उठून उभी राहिली. एलफेडचा चेहरा उतरला. जार्मननी शेपूट काठीने सरळ केली आणि म्हणाले, "वा. मग हाच तो."

आता नुसते हो म्हणायचे होते. मान हलवली असती तरी पुरे होते. मी माझ्या बशीकडे पाहत होतो.

"हा तो नव्हे," इद्वाल म्हणाला. "ही शेपूट नदीकाठच्या नराची आहे, आणि तो मी मारलेलाही नाही. तो माथ्यावरचा नर तिथं बसलाय. दाराजवळ. निळी टोपी घालून."

दीडशे डोळे नेस्टाकडे वळले. ती खुर्चीत खाली सरकली, पण सरकून जाणार कुठे. मग इद्वालने सगळे सांगितले. रात्रीमागून रात्र, पन्नास पन्नास पावले, चौथे भुंकणे, दमा, तालीम, भिंत, दोन दिवे. मला भीती होती ते झाले, लोक हसले. पण असे हसले की मी तसे हसणे त्या हॉलमध्ये परत ऐकले नाही. जार्मनबाईंना ठसका लागला, त्यांच्या पाठीवर थापटावे लागले. कोणी तरी ओरडले की पाच आठवडे मागे लागूनही इद्वालने तिला चहाला विचारले नाही, आणि दुसरा म्हणाला, अरे, विचारायला कशाला हवे, रोज ओरडून सांगत तर होता. इद्वाल मधे उभा, कान लाल, हात खिशात. "तर शब्द मोडला," तो म्हणाला. "माथा एलफेडचा." आणि तो बसायला वळला.

तेवढ्यात नेस्टा ब्रीझ उठली. तिचा आवाज बारीक होता, मागच्यांना ऐकू येईना, तेव्हा जार्मननी काठी आपटून सगळ्यांना गप्प केले. ती म्हणाली, एक गोष्ट सांगायची आहे. माथ्यावर जुनी सहा बिळे आहेत. दरवर्षी या दिवसांत त्यांतल्या दोन-तीन बिळांच्या तोंडाशी ताजी माती पडलेली असते. कालपरवा ती सगळीकडे फिरून आली. एकाही बिळाशी माती नाही. ठसे नाहीत, वास नाही. माथ्यावर यंदा एकही मादी घर करत नाहीये.

लोकांना कळेना. इद्वालला कळले. तो वळला होता तो तसाच थांबला.

"पाच आठवडे माथ्यावर रोज एक जोडी ओरडत होती," तो सावकाश म्हणाला, जणू स्वतःलाच सांगत होता. "मोठ्यानं. रोज. इतर कोल्ह्यांना वाटलं असणार, ही जागा भरलीय."

"आणि भरलेल्या जागी कोण संसार मांडेल," नेस्टा म्हणाली. "म्हणून मला तो नर खाली नदीकाठी मिळाला."

हे खरे की नाही ते मी आजही सांगू शकणार नाही. पुस्तके वाचलेली माणसे कदाचित नाही म्हणतील. पण त्या हॉलमध्ये अकरा शेतांची माणसे होती, दरवर्षी एप्रिलात माथ्यावर कोकरांचे तुकडे उचलणारी, आणि ती एकाएकी हसायची थांबली. जार्मन बसले. काठीवर हनुवटी टेकून त्यांनी जरा विचार केला आणि विचारले की एलफेडने या महिन्यात माथ्यावर किती मारले. एलफेड खरे बोलला. एकही नाही, म्हणाला. या दिवसांत कॅसेट चालत नाही.

"या दोघांनी पण एकही मारला नाही," जार्मन म्हणाले. "पण कोल्हे गेलेत. मला माझी कोकरं हवीत, शेपट्या नकोत. शेपट्यांचं मी काय करू?"

मग हात वर झाले. इद्वाल बेब आणि नेस्टा ब्रीझ, दोघांना मिळून. मी मोजत गेलो आणि मग मोजणे सोडले, कारण खाली राहिलेला हात एकच होता आणि तो एलफेडचा. त्यानेही शेवटी डोके खाजवता खाजवता तो वर नेला. म्हणाला, पण एका अटीवर, आम्हाला ते ऐकायचंय. सगळ्यांनी टेबले बडवली. दोघेही नको नको म्हणत होते. अखेर इद्वाल हॉलच्या एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला उभी राहिली, दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही, आणि त्याने ओंजळ धरली. तो ओरडला, ती भुंकली, तीन आणि एक. बाहेर गाड्यांमध्ये धन्यांची वाट पाहत बसलेल्या सगळ्या मेंढपाळ कुत्र्यांनी असा काही हलकल्लोळ केला की पुढची पाच मिनिटे कोणाचे बोलणे कोणाला ऐकू गेले नाही. त्या गोंधळात इद्वाल तिच्याजवळ गेला आणि काही तरी बोलला. काय बोलला ते मला आजवर सांगितलेले नाही. तिने मान हलवली एवढे मी पाहिले.

त्या एप्रिलात माथ्यावर सगळी मिळून तीन कोकरे गेली. त्यांतले एक तर ओढ्यात पडले होते. पण ते नंतरचे. आधी मार्चमध्ये एक गोष्ट झाली.

इद्वाल सलग तीन दिवस माझ्या घरी आला. बसायचा, चहा घ्यायचा, हवा कशी आहे ते सांगायचा, टोपी हातात फिरवायचा आणि उठून जायचा. चौथ्या दिवशीही हवेपाशीच आला तेव्हा मला राहवले नाही. मी आत गेलो, दिवा आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. पंधरा वर्षे माझ्या हातात असलेला दिवा. मूठ माझ्या बोटांच्या जागी झिजलेली.

"तिला दे धरायला," मी म्हटले. "मला सकाळी पोरांना शाळेत न्यायचं असतं. पंधरा वर्षांची झोप राहिलीय माझी."

"तुला राग नाही ना?" त्याने विचारले.

"इद्वाल, तू जा आता."

तो गेला. फाटकातून बाहेर पडताना त्याची चाल काउन्सिलच्या माणसाची नव्हती, सप्टेंबरातल्या कोल्ह्याची होती. मी दार लावून घेतले, आणि मग माझ्या लक्षात आले की बॅटरी इथेच कोपऱ्यात राहिली आहे. मी खिडकीतून पाहिले. तो दिवा काखेत धरून माथ्याच्या वाटेने निम्म्यावर पोहोचला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या फेरीत मी बॅटरी नेस्टा ब्रीझच्या दारात ठेवून आलो, आणि तिथे इद्वालचे बूट उंबऱ्यावर वाळत घातलेले होते.